ढिली पिन

साहेब, बायामाणसांना फाटकावरून हाकललंत ते तुम्हीच. "इथं गर्दी करून काय मिळणार? घरी जा, टीव्ही लावा. खाणीतून एकेक माणूस वर आला की त्याचा चेहरा दाखवू," असं कर्ण्यावरून सांगितलंत तेही तुम्हीच. माणसांनी ऐकलं. अडलेल्या माणसाला ऐकण्यावाचून दुसरं काय येतं?

तिसऱ्या मजल्यावरच्या घरानेही ऐकलं. सासू पलंगावर, सून टीव्हीसमोर जमिनीवर, धाकटा दीर दाराला टेकून. थोरला खाली अडकला होता, कोसळलेल्या भागाच्या पलीकडे. सगळी इमारतच खाणीची. प्रत्येक मजल्यावरचं कुणी ना कुणी आत होतं.

पडद्यावर लिफ्टचं दार उघडायचं आणि काळाठिक्कर पडलेला माणूस डोळे मिचकावत बाहेर यायचा. तळमजल्यावरचा ठेंगू आला. पंपवाला आला. दर वेळी सून गुडघ्यांवर उठायची आणि परत खाली बसायची.

लिफ्ट पुन्हा वर आली. दार अर्धं उघडलं. शेजारी उभा असलेला पांढऱ्या हेल्मेटातला साहेब कॅमेऱ्याकडे वळला आणि त्याने हात वर केला.

"साहेबानं हात केला बघ," सासू म्हणाली. "म्हणजे सगळं बरं आहे."

तेवढ्यात चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि पडदा निळा पडला. मधोमध अक्षरं आली. सिग्नल नाही.

"भावजी, पिन!" सून ओरडली.

घरात हे कुणालाच नवीन नव्हतं. टीव्हीमागची पिन वर्षभर ढिली होती. थोरला पलंगावरून न उठता हात मागे घालायचा, पिन जराशी तिरकी दाबायचा, की चित्र हजर. नेमकी कुठे दाबायची, हे त्या एकट्यालाच ठाऊक.

दीर टीव्हीमागे घुसला.

"आलं?"

"नाही."

"आता?"

"नाही हो."

"आता तरी?"

"निळाच आहे."

"सकाळी ओलं फडकं घेऊन पुसायला कोण गेलं होतं?" सासूने सुनेकडे न बघता विचारलं.

"धूळ होती, आई. म्हटलं, त्यांचा चेहरा नीट दिसावा."

"बघ आता नीट."

पुसताना सुनेने टीव्ही जरा पुढे ओढला होता. वायर तेव्हाच ताणली असणार. हे तिने सांगितलं नाही.

दिराने सेट-टॉप बॉक्स बंद करून चालू केला. हिरवा दिवा लागला, बस्स. रिमोटचे सेल बदलले. रिमोटचा काही संबंध नव्हता, तरी बदलले. मग पिन उपटली, वायरचं आवरण दातांनी सोललं, तांब्याची तार चकाकेपर्यंत सुरीने खरवडली आणि परत खोचली.

निळाच.

"मोठा इंजिनिअर," सासू म्हणाली. "मिक्सर दुरुस्त केलास, तेव्हापासून झाकण हाताने दाबून धरावं लागतं."

"आई, आत्ता गप्प बस ना. माझा भाऊ आहे आत."

"आणि माझा कोण आहे? भाडेकरू?"

सून खाणीच्या कचेरीत फोन लावत होती. लागत नव्हता. माहेरी भावाला लावला. तोही नाही.

"सगळ्या वस्तीने एकदम फोन धरलेत, वहिनी. लागणार कसा?"

ते पटण्यासारखं होतं.

"शेजारी तरी जाऊन बघ," सासू म्हणाली.

सून जागची हलली नाही. मागे एकदा पिन सुटली तेव्हा ती शेजारणीकडे बघायला गेली होती. शेजारीण म्हणाली होती, थिएटरला जायचं तर माणसाने तिकीट काढावं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. पण आज मान-अपमान कुणाला सुचत होता? भीती वेगळीच होती. ती दाराबाहेर गेली, इकडे चित्र आलं आणि नेमका तेव्हाच तो वर आला तर? चेहरा एकदाच दाखवणार होते.

"सरा," ती दिराला म्हणाली.

ती स्वतः मागे शिरली. नवऱ्याचा हात कसा जायचा ते आठवू लागली. मनगट वळायचं, अंगठा खाली यायचा. तिने तसंच केलं. मग उलटं करून पाहिलं. मग नुसतीच पिन घट्ट धरून बसली, जणू सोडली तर तो पुन्हा खाली जाईल.

"मीच ओढला होता टीव्ही," ती म्हणाली. "सकाळी. माझ्यामुळेच झालं."

सासू पलंगावरून उतरली. आता तोंडाचा पट्टा सुटणार, असं दिराला वाटलं. पण म्हातारी सुनेच्या जागेवर पडद्यासमोर मांडी घालून बसली.

"रडू नकोस. दाब तू. मी बघते."

सून दाबत राहिली. सासू बघत राहिली. निळा उजेड तिच्या चष्म्यावर तसाच होता.

शेवटी सासूच म्हणाली, "जा गं पोरी. पाय धर तिचे हवं तर, पण बघून ये. इथे मी आहे. तो दिसला की हाक मारते."

सून उठली आणि तिने दार उघडलं.

दारात शेजारीण उभी होती. कडी वाजवायला हात उचललेला.

"मागचं मनात धरू नका," ती घाईघाईने म्हणाली. "तुमच्याकडे दिसतंय ना? आमच्या म्हाताऱ्यानं बटणं दाबून दाबून टीव्हीची वाट लावलीय."

सुनेने तोंड उघडलं, तोवर वरच्या जिन्यावरून आवाज आला, "अहो, मी जरा तुमच्याकडे येऊ का? आमची वायर उंदराने कुरतडली वाटतं." खालून पंपवाल्याची बायको नवरा परत दिसेल म्हणून धापा टाकत वर येत होती, तिच्या पोराने म्हणे बॉक्स पाडला होता. तिच्यामागे आणखी एकजण होता, पेचकस हातात घेऊन. सगळे त्या एका दारापाशी येऊन थांबले. एकेकाचं बोलणं अर्ध्यावरच थांबलं. सगळे सुनेच्या खांद्यावरून आतल्या निळ्या पडद्याकडे बघू लागले.

साहेब, त्या लिफ्टमध्ये कोण होतं?