पोर्चमधला नंबर

स्वरदा मुद्दाम उशिरा घरी आली. परागदादाची बाईक आत गेली, तिच्यामागे बाबांची कार गेली, हे तिने कोपऱ्यावर थांबून पाहिलं आणि मगच आपली स्कूटी सगळ्यांच्या मागे, फाटकाला लागून उभी केली.

अवधपुरीतल्या त्या घराचा पोर्च म्हणजे एक बोळच. तोंड एकच. पोरीने दिवेलागणीच्या आत घरी यायचं, हा बाबांचा, भालचंद्ररावांचा, नियम. त्यामुळे तिची स्कूटी रोज सगळ्यात आत, मग बाईक, मग कार. सकाळी निघताना तिचा नंबर शेवटचा. गेल्या महिन्यात नोकरीची एक परीक्षा अशीच हुकली. दादा बाईकला लॉक लावून झोपलेला, बाबा पूजेत, आणि पूजेतल्या बाबांना हाक मारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. "मी सोडतो ना तुला," असं आदल्या दिवशी तेच म्हणाले होते.

उद्या दुसरी परीक्षा होती, पुण्याच्या कंपनीची. दिवसभर ती बरखेड्यात मैत्रिणीकडे, ऋचाकडे, स्टॅक आणि क्यूचे प्रोग्रॅम लिहीत बसली होती. क्यू म्हणजे साधी रांग. आधी आला तो आधी सुटला. स्टॅकचं उलटं. शेवटी आलेला पहिला बाहेर, पहिला आलेला तळाशी. ऋचा तिथे सारखी अडखळत होती. स्वरदाचं एकदाही चुकलं नाही. रोज तळाशी राहणाऱ्याला हे कशाला शिकवावं लागतंय?

भालचंद्रराव बाहेर आले. उशीर का झाला, फोन का उचलला नाही, आई किती वेळ दाराशी उभी होती, सगळं बोलून झालं. मग त्यांचं लक्ष स्कूटीकडे गेलं.

"किल्ली दे."

"राहू द्या ना बाबा. उद्या मला लवकर निघायचंय."

"मुलीची गाडी अशी फाटकाशी नको. दे."

तिने दिली. नाही म्हणायची सवयच नव्हती, आणि त्या क्षणी तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

त्यांनी स्कूटी रस्त्यावर काढली. कार मागे घेतली. परागला हाक मारून बाहेर बोलावलं, तो "क्या यार बाबा, अभी?" म्हणत कुरकुरत आला आणि बाईक बाहेर घेऊन गेला. मग स्कूटी पार भिंतीपर्यंत आत गेली. तिच्यामागे बाईक. बाईकमागे कार, बोटभरही फट न ठेवता. भालचंद्रराव घामाघूम झाले होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

"झालं बघ. पाच मिनिटांचं काम."

"मग हे सकाळी का नाही करत, बाबा?"

ते फाटकाला कुलूप लावत होते. ते लागलंय का, हे त्यांनी एकदा ओढून पाहिलं.

"चल, जेवून घे," ते मायेने म्हणाले. "उद्या परीक्षा आहे ना तुझी."