पाटीवरची फुलं

आईने अक्षरांचे ठसे उमटवून दारासाठी कागदी पाटी केली, तिघांच्या नावांची. बाबांनी कात्री उचलली आणि लेकीचं नाव कापून टाकलं.

"मनाला येईल तिथे लग्न करते? तिचं नाव या दारावर दिसता कामा नये. नवी पाटी कर. तिच्या जागी फुलंबिलं काढ, तेवढंच येतं तुला."

आईने तेच ठसे शाईत दाबले. दातओठ खात, गोल गोल फिरवत उमटवत गेली, पाकळीला पाकळी, पानाला पान.

"हं, आता शोभतंय घराला," म्हणत बाबांनी पाटी स्वतः दारावर ठोकली.

आईने आत जाऊन लेकीला फोन लावला.

"ये तू, कुणाला विचारू नकोस. सगळी फुलं तुझ्याच नावाच्या अक्षरांची केलीत. आणि ठोकलीत तुझ्या बाबांनी."