जांभळा ठसा

सीमानं कागदावर पालथी घातलेली स्टीलची वाटी उचलली, तसे घरातले सगळे पुढं वाकले. काल संध्याकाळी वाटीखाली ठेवलेली अळंबीची टोपी आता मलूल होऊन पडली होती. तिनं ती नखानं बाजूला सारली. पांढऱ्या कागदावर जांभळट काळ्या भुकटीचा गोल ठसा उमटला होता. सायकलच्या चाकाला तारा असाव्यात, तशा त्यात बारीक रेषा होत्या.

“हीच ती,” सीमा म्हणाली.

सीमा ही कचरूआबांची थोरली लेक, नगरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी. भावाचा फोन गेल्यावर ती एसटीनं तिसगावला उतरली, आणि वस्तीवर आली ती घरात न शिरता आधी गोठ्यामागच्या शेणाकडं गेली. एवढी शिकलेली बाई आल्या आल्या शेण का उकरते, हे वस्तीला काही कळेना.

झालं होतं ते असं. परवा आबांच्या तोंडाला चव नव्हती. सून सुकन्या अकोले तालुक्यातल्या डोंगराकडची. तिच्या माहेरी पावसाळ्यात वारुळावरची अळंबी आणून तिखट भाजी करतात. पाथर्डीच्या या कोरड्या मुलखात अळंबी कोणी खात नाही, त्यामुळं ओळखतही नाही. सुकन्याला गोठ्यामागं शेणावर उगवलेल्या छत्र्या दिसल्या आणि माहेर आठवलं. वारूळ की शेण, हा विचार त्या आठवणीत राहूनच गेला. मूठभरच निघाल्या, म्हणून तिनं त्या एकट्या सासऱ्यालाच करून वाढल्या.

थोड्या वेळानं आबा भिंत श्वास घेते म्हणू लागले. मग चुलीकडं बघून हसले, मग ढसाढसा रडले. चुलीपाशी त्यांची बायको लंकाबाई बसली होती, आणि लंकाबाई तर गेल्या साली वारली होती. संध्याकाळपर्यंत सगळं ओसरलं. डॉक्टरनं तपासून घरी पाठवलं. वस्तीतली कुजबूज मात्र ओसरली नाही.

शेजारच्या रंगुबाईचं तर ठरलेलंच होतं. लंकीचा जीव घुटमळतोय, ती कारभाऱ्याला न्यायला आली, तेव्हा देवरुष्याला आणून उतारा टाकलेला बरा. आताही ती उंबऱ्याशी त्याच तयारीनं बसली होती.

बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली, छप्पनला, कचरूआबांनी घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. त्यानंतर या दारात देवरुषी फिरकला नव्हता. भूत नसतं, मेल्यावर कोणी भटकत नसतं, हे त्यांनी लंकाबाईला संसारभर सांगितलं होतं. तिनं शेवटच्या दुखण्यात याच भरवशावर डोळे मिटले होते. आणि आता तीच जर खरोखर भटकत असेल, तर आपण तिला फसवलं, या विचारानं आबांनी कालपासून भाकरीला हात लावला नव्हता. चुलीकडं पाठ करून ते खाटेवर बसून होते.

सीमा कागद घेऊन त्यांच्यापाशी आली. ही भुकटी म्हणजे बीजाणू, अळंबीचं बी म्हणा, असं तिनं सांगितलं. मग काल आणलेली दुसरी अळंबी उचलून तिचा देठ चिमटला. थोड्या वेळात तिथं निळसर डाग धरला. जांभळा ठसा, निळा डाग, शेणावरचं उगवणं, तिन्ही खुणा जुळल्या होत्या. हिच्यात सायलोसायबिन नावाचं द्रव्य असतं. ते पोटातून मेंदूत जातं आणि नसलेलं दाखवतं. अशा द्रव्याला शास्त्रात भ्रमकारी म्हणतात.

“मंग लंकी आलीच न्हाई?” रंगुबाईनं विचारलं. तिचा थोडा हिरमोडच झाला होता.

“नाही आली, मावशी.”

दाराआड उभी असलेली सुकन्या पदर तोंडाशी धरून रडायला लागली. परवापासून दाबून धरलेलं सगळं तिच्या डोळ्यांतून वाहून गेलं. सीमानं तिला जवळ घेतलं आणि बजावलंही, की ही जिवावर उठणारी नव्हती हे आपलं नशीब, दुसरी एखादी असती तर आबा हाती लागले नसते.

आबांनी मोठा सुस्कारा सोडला. लंकाबाई भटकत नव्हती. त्यांनी तिला फसवलं नव्हतं. ते सायलोसायबिन हा शब्द अडखळत दोनदा म्हणाले, रंगुबाईला ऐकू जाईल असा. पण मग त्यांचा चेहरा जरा उतरला.

“भ्रम म्हंजे निस्तं खोटंच का गं?”

वर्गात हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता.

“त्या शब्दावर शास्त्रज्ञांचंही एकमत नाही, आबा. काहीजण भ्रमकारी म्हणत नाहीत. ते सायकेडेलिक म्हणतात.”

“त्ये आन् काय?”

“मनात आहे ते उघडं करून दाखवणारं.”

आबांनी ठशाचा कागद सीमाकडून हातात घेतला. रंगुबाई उठली, लुगडं झटकलं आणि शेळ्या सोडायच्या राहिल्यात म्हणून निघून गेली.

“हसत हुती ती,” आबा म्हणाले. “दुखन्यात कन्हायची, तसं न्हाई. पयल्यावानी.”

आबांनी पाय खाली सोडले आणि खाटेवरून उठले.

“सुकन्या, भाकर वाढ. आज चुलीपाशीच बसतो.”