सहा प्रश्नचिन्हं

तिसऱ्या दिवशीही रेणूच्या स्क्रीनवर कोडच्या प्रत्येक ओळीखाली लाल रेघ होती. ओळी बरोबर होत्या. त्याच ओळी नागपूरच्या ऑफिसात सोबतच्या मेघाच्या कॉम्प्युटरवर विनातक्रार चालत होत्या. इथं आंधळगावात मात्र एडिटर त्यांना ओळखच दाखवायला तयार नव्हता. तिनं त्या ओळींचं अ‍ॅप बनवणारा बिल्ड पुन्हा लावला आणि तेवढ्यात आतल्या खोलीत जाऊन सासूला कुशीवर वळवून आली. दीड वर्षापासून कलाबाईंना आपल्या आपण वळता येत नव्हतं. रेणू परत आली तेव्हा बिल्ड अडलेला होता. तिथंच, नेहमीच्या जागी.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांची नोंद गावोगावच्या नर्सबाईंना फोनवर आणि दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर करता यावी, असं ते अ‍ॅप होतं. चार वाजता साहेबांना पाहिजे होतं. आधी दोनदा मेघानं ते आपल्या मशीनवर तयार करून पाठवलं होतं. तिसऱ्यांदा साहेबांनी मेघालाच मना केलं. घरून काम करायचं तर घरची मशीन चालली पाहिजे, नाही तर नागपूरला या, असं ते शांतपणे म्हणाले होते. कलाबाईंना सोडून नागपूरला जाणं होणार नव्हतं, हे रेणूनं त्यांना सांगितलं नव्हतं.

जुन्या फायली पुसून झाल्या होत्या. एडिटर काढून पुन्हा टाकून झाला होता. नेटवर अनोळखी लोकांनी सुचवलेलं सगळं करून झालं होतं. दीड वाजता मेघानं एररचा फोटो मागवला आणि दोन मिनिटांत तिचा फोन आला. रेणूनं स्पीकर लावला.

"रेणू, फोल्डरच्या पत्त्यात ही सहा प्रश्नचिन्हं काहून आहेत?"

तीन दिवस ती चिन्हं रेणूला दिसत होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. आता तिनं फोल्डर उघडून पत्ता वाचला. प्रश्नचिन्हांच्या जागी तिथं सासऱ्यांचं नाव होतं, मराठीत: गोमाजी, तीन अक्षरं आणि मात्रा, काना, वेलांटी वेगळी मोजून सहा. हा नवा लॅपटॉप घेताना दुकानदारानं कोणाच्या नावानं सुरू करू म्हणून विचारलं, तेव्हा गोमाजी म्हणाले होते, माह्या नावानं, आन् मराठीत लिवा. बिल्डला ती अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून त्याला फोल्डरच सापडत नव्हता.

नुसतं नाव बदलून भागणार नव्हतं. लॅपटॉपवर नवं खातंच उघडावं लागणार होतं. दाराबाहेरच्या सपरीत गोमाजी हातमागासाठी सुताच्या कांड्या भरत बसले होते. रेणूनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि इंग्रजीत स्वतःचं नाव टाइप केलं.

सगळं नव्यानं उतरवून घेण्यात दोन तास गेले. मधे एकदा कलाबाईंची चादर बदलली. पावणेचारला लाल रेघा गेल्या आणि बिल्ड पुरा झाला. तिनं तो पाठवला. साहेबांचं उत्तर आलं: ओके. आनंद व्हायला हवा होता. मान तेवढी दुखत होती.

गोमाजी चहा घेऊन आले. कप टेबलावर ठेवून तिथंच उभे राहिले.

"माह्या नावापायी अडलं होतं काय?"

विजेच्या लाइनीचा घोळ होता, असं सांगायचं तिनं ठरवलं होतं. पण फोनवरचं बोलणं सपरीत ऐकू गेलं असणार.

"नावापायी नाही, मामाजी. मराठी अक्षरापायी."

"तीन दिवस?"

"हो."

ते स्क्रीनकडे वळले. "मंग इंग्रजीत लिवलं असतं. मले कोणी सांगतलं नाही."

"मलेही नाही," रेणू म्हणाली.

काही तरी द्यावं म्हणून तिनं आपला फोन त्यांच्या हातात दिला. त्यावर नवं अ‍ॅप उघडं होतं, पहिलंच पान. गोमाजींनी चष्मा चढवला, फोन दूर धरला आणि एकेक अक्षर लावत वाचलं, "रुग्णाचे नाव." मग बोट काचेवर टेकवणार, तोच थांबले.

"यात मराठी चालते?"

"चालते, मामाजी."

"पक्कं?"

मराठीत नाव टाकून रेणूनं एकदाही पाहिलं नव्हतं. नर्सबाई सोमवारी यात पहिलं नाव टाकणार होत्या.

"थांबा," ती म्हणाली, "पाहून सांगते." आणि तिनं फोन त्यांच्या हातून परत घेतला.