सतरा नंबरचा जिना

सतरा नंबरची अकरावी नोंद वाचताना तिच्या हातातला कप तसाच अधांतरी राहिला.

"चपला हातात घेऊन जिना उतरतो," असं लिहिलं होतं. "वरून तिसरी पायरी टाळायची, ती करकरते. फाटक उघडंच असतं. बाहेर धुकं. हाक मारायची असते, पण आवाज फुटत नाही. मग जाग येते."

झोप न येणाऱ्या साठ माणसांना तिनं एका रानपाल्याचा अर्क दिला होता. झोपण्याआधी दहा थेंब, आणि पडलेलं स्वप्न उठल्यावर फोनवर लिहायचं. विद्यापीठात तिला सगळे पालेवाली म्हणत. साठांपैकी एकाचंही तोंड मात्र तिनं पाहिलं नव्हतं. नोंदणी चार दवाखान्यांनी केली होती, आणि नावं कुलूपवाल्याच्या ताब्यात होती.

कुलूपवाला म्हणजे संगणक विभागातला एक मितभाषी माणूस. लोकांची गुपितं राखणं हाच त्याच्या अभ्यासाचा विषय. त्याचा प्रोग्राम लिखाणातली नावं, गावं, नाती गाळायचा. बाई की पुरुष हेही कळू नये म्हणून सगळ्यांची क्रियापदं एकाच साच्यात घालायचा. तिच्या पडद्यावर साठही जण 'गेलो, आलो' म्हणत. "आमच्याकडे सगळे बुवाच," असं ती हसून सांगायची.

आज तिला हसू आलं नाही. तो जिना तिच्या लहानपणीच्या घराचा होता.

त्या घरात ती चौघं राहिली होती. बाबा गेले, घर विकलं, नव्या मालकानं ते पाडून टाकलं. दादा त्याच्याही आधी घर सोडून गेला होता. नऊ वर्षांपूर्वी बाबांशी कडाक्याचं भांडण झालं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो कुणाला चाहूल न लागू देता निघून गेला. "मला मेलीला पडल्या पडल्या झोप लागते," आई अजूनही म्हणायची. "नाहीतर अडवलं नसतं का त्याला?"

ती तडक कुलूपवाल्याच्या खोलीत गेली.

"सतरा नंबर कोण आहे?"

"मलाही दिसत नाही. किल्लीचे तीन तुकडे केलेत, तीन जणांकडे. मी एकटा उघडू शकत नाही."

"माझा भाऊ आहे तो."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "असेलही. पण लपून राहायचा हक्क भावालाही असतो."

"माझी आई सत्तरीची झालीय. दारावर कुणी आलं की अजून आधी तीच उठते. मला उठू देत नाही."

खिडकीबाहेर झाडं संथ हलत होती. त्यानं खुर्ची पडद्याकडे वळवली.

"औषधानं त्रास झाला तर कळवायला निरोपाची सोय आहे," तो म्हणाला. "तिथून लिहा. भेटायला यायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पण नाव, नातं काही पोचणार नाही. चाळणीतून उरेल तेवढंच जाईल. आणि तुम्ही नियम मोडलात हे मी विद्यापीठाच्या समितीला कळवणार. अभ्यास बंद पडू शकतो."

पाच वर्षांचं काम होतं. ती म्हणाली, "कळवा."

तिनं लिहिलं. चाळणीनं वरचा 'दादा' कापला, खालचं 'तुझी धाकटी' कापलं. उरलं ते असं: "मी तुला ओळखलं. तो जिना मलाही आठवतो. कुणी रागावलेलं नाही. शनिवारी चार वाजता तळ्याकाठच्या बागेत ये. शेवटचा बाक."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "येतो. नऊ वर्षं याच हाकेची वाट पाहिली."

पुढचे तीन दिवस ती तरंगतच वावरली. आईला सांगावंसं शंभरदा वाटलं. पण पुन्हा पोकळ आशा नको. आधी भेटू, मग हाताला धरून घरीच आणू, असं तिनं ठरवलं.

"लोकांना पाल्याचं पाणी पाजून झोपवतेस," शनिवारी सकाळी आई म्हणाली, "आणि स्वतःचे डोळे बघ, कसे तारवटलेत!" हल्ली आईच उशिरा उठायची आणि उठल्यावर ताजीतवानी दिसायची.

"दुपारी जरा कामाला जाऊन येते, आई."

"ये हो सावकाश. माझी काळजी नको."

चार वाजता बागेत ऊन विरघळून गेलं होतं. तळ्यावरून धुकं वर येत होतं, आणि त्यातून झाडं निम्मी निम्मीच दिसत होती. पायाखालची पानं ओली होती, पावलांचा आवाज येत नव्हता. आपण जाग्या आहोत की दुसऱ्या कुणाच्या स्वप्नातून चाललोय, तेच तिला कळेना. तो म्हातारा दिसत असेल का? आपल्याला ओळखेल का? पहिलं काय बोलायचं?

शेवटच्या बाकावर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. ती जवळ गेली.

आई होती.

ठेवणीतली शाल खांद्यावर, केस नीट विंचरलेले. दोन्ही हातांनी फोन घट्ट धरलेला, आणि त्यावर लेकीनं सतरा नंबरला लिहिलेला निरोप उघडा होता.

"आई... तू?"

आईनं वर पाहिलं. रडून चेहरा धुतल्यासारखा झाला होता, आणि इतकी तरुण ती कित्येक वर्षांत दिसली नव्हती. ती बाकाच्या एका टोकाला सरकली. मधे एका माणसाची जागा राखून तिनं लेकीला दुसऱ्या टोकाला बसायची खूण केली.

"अगं," ती म्हणाली, "तुलाही बोलावलं त्यानं?"