सरकतं लपण

शेजारच्या डेल्मरचं लपण पुन्हा सरकलं होतं.

एल्डनने आपल्या लपणातून दुर्बीण डोळ्यांना लावून अंदाज घेतला. अठरा दिवसांपूर्वी ते एल्डनच्या कुरणाच्या कुंपणापलीकडे दोनशे पावलांवर होतं. काल तीस, आज वीस. उघड्या माळावर नजर अडेल असं दुसरं काही नव्हतं. मागच्या वर्षीचं वाळकं गवत, ओढ्याकाठची चार उंच झाडं आणि शिकाऱ्याने आत लपून बसायचा हा तपकिरी कापडाचा तंबू.

त्या झाडांवर टर्की हे रानपक्षी रात्रीचे बसत. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या नरामागे एल्डनच्या बायकोने, आर्लीनने, शिकारीचे दोन हंगाम घालवले होते. दोन्ही वेळा तो हुलकावणी देऊन गेला. फेब्रुवारीत आर्लीनच गेली. कुरण तिच्या वडिलांकडून आलेलं. तिला मूठमाती दिली त्याच दिवशी डेल्मरने विचारलं होतं, "कुरणाकडे आता कोण बघणार रे?" आता एल्डनला खात्री होती. डेल्मरला कुरण हवं होतं, आणि त्याआधी तो नर. यातलं एकही त्याला मिळू द्यायचं नाही, असं एल्डनने ठरवलं होतं.

टर्की लपणाला बुजत नाहीत. माळाच्या मधोमध उभं केलं तरी त्याच्या कडेने चरत जातात. म्हणून कोणी ते रोज हलवत बसत नाही. एकदा जागा धरली की हंगामभर तीच. चाळीस वर्षं शिकार केलेल्या डेल्मरला हे ठाऊक नव्हतं थोडंच? आणि त्याच्या लपणाची खिडकी झाडांकडे नव्हती. ती सरळ एल्डनच्या लपणाकडे होती. बाकी तिन्ही बाजू बंद, त्यामुळे आत मिट्ट काळोख. आतला माणूस दिसू नये म्हणून सगळे शिकारी तसंच करतात. एल्डन रोज पहाटेपासून त्या काळ्या भोकाकडे बघत बसायचा. आतून डेल्मरही आपल्याकडेच बघतोय, हे त्याला जाणवायचं.

या अठरा दिवसांत त्याने बरंच केलं होतं. पहाटे साडेचारचा गजर लावला. उपाशीपोटी पाळत ठेवता येत नाही, म्हणून अंडी तळून खाऊ लागला. ओढ्याजवळ कुंपणाच्या दोन तारा सैल होत्या, त्या ताणून घेतल्या. दुर्बिणीचा पट्टा तुटला होता म्हणून गावात जाऊन आला.

"दाढी केलीस की रे!" दुकानदार म्हणाला.

"डेल्मर आला होता का इकडे? माझ्या कुरणाबद्दल काही बोलला?"

"नाही बुवा," म्हणत दुकानदार हसला. त्या हसण्याचाही एल्डनला संशय आला.

उजाडलं. झाडांवरून पक्षी उतरले. म्हातारा नर साद घालत माळावर आला आणि चरत चरत थेट डेल्मरच्या खिडकीसमोर जाऊन उभा राहिला. दहा पावलांवर. पिसारा फुलवून त्याने सावकाश एक गिरकी घेतली. एल्डनने श्वास रोखला. आता बार होणार.

बार झालाच नाही. नराने आणखी दोन गिरक्या घेतल्या आणि तो ओढ्याकडे निघून गेला.

एल्डनने बंदूक तिथेच ठेवली. कुंपण ओलांडून तो तरातरा चालत गेला आणि लपणाची चेन एका झटक्यात ओढली.

आत कोणी नव्हतं. बसायला स्टूल नव्हतं. गवत सगळं उभं होतं. त्यावर कोणी बसल्याची खूण नव्हती.

अर्धा मैल चालून तो डेल्मरच्या दारात पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. डेल्मर पायरीवर एक पाय लांब करून कॉफी पीत होता.

"काय चाललंय तुझं?" एल्डन ओरडला. "रिकामा तंबू माझ्या कुंपणाशी कशाला ठोकलास?"

"ओरडू नकोस, बायको झोपलीय. यंदा मी शिकारीचा परवानाच नाही काढला. या गुडघ्यानिशी पहाटे कोण बसणार तिथे?"

"मग रोज सरकवतं कोण ते?"

"मीच. संध्याकाळी तू घरात शिरलास की. उरलासुरला गुडघाही गेला लेका तुझ्यापायी."

"अरे पण का?"

डेल्मरने कप खाली ठेवला. "मार्चभर तू अंथरुणातून उठला नाहीस. आम्ही दारात जेवणाची भांडी ठेवायचो आणि भरलेलीच परत आणायचो. पाद्री दोनदा आले, तू दार उघडलं नाहीस. मी म्हटलं, मायेने काही हा उठत नाही. माझ्याशी भांडायला तरी उठेल."

अठरा दिवस जपून ठेवलेल्या शिव्या एल्डनने गिळून टाकल्या. मग तो पायरीवर डेल्मरच्या शेजारी बसला. डेल्मरने आपला कप त्याच्याकडे सरकवला.

"आज संध्याकाळी तंबू कुठे लावणार आहेस?" कॉफी संपवून एल्डनने विचारलं.

"ते सांगितलं," डेल्मर म्हणाला, "तर उद्या उठशील कशाला?"