शेजारची जागा

“मग ऑटिली बेरेन्सला निरोप धाडा, जरा थांबून मर म्हणावं,” हुल्डा ब्रोकमन म्हणाली.

चर्चच्या तळघरातली कॉफी निवत चालली होती. टेबलापलीकडे मंडळीचे चार पंच बसले होते, आणि चौघांच्याही नजरा केकच्या चुऱ्यावर खिळल्या होत्या. बाहेर टेकडीच्या उतारावर हुल्डाच्या नवऱ्याच्या थडग्यावरची माती अजून दबलीही नव्हती. एवाल्डला जाऊन नऊ दिवस झाले होते. त्याच्या शेजारची जागा तिला स्वतःसाठी हवी होती.

पण त्सियोन चर्चच्या दफनभूमीत जागा कुणाच्या नसतात. माणसं ज्या क्रमाने जातात, त्या क्रमाने निजतात. एवाल्डनंतर जो जाईल, तो एवाल्डशेजारी. आणि शहरातल्या इस्पितळात ऑटिलीम्हातारीला कालपासून घरघर लागली होती.

जर्मनीतल्या हॅनोव्हरकडून आलेल्या अकरा कुटुंबांनी नेब्रास्काच्या या माळावर पहिलं लाकडी चर्च उभं केलं, त्याच वर्षी हा नियम केला. जुन्या देशात जमीनदार वेदीजवळ पुरले जात आणि गडीमाणसं भिंतीकडेला. इथे तसं नको होतं. म्हणून इथे नवरा तिसऱ्या रांगेत, तर बायको सातव्या. एका घरातली माणसं शेजारी शेजारी निजलेली दिसलीच, तर ओळखावं, त्या हिवाळ्यात घटसर्प आला होता.

“आता तरी एवाल्डला थोडी शांतता मिळू दे की,” आल्विन वीझे म्हणाला.

“तुझ्याशेजारी जो येईल ना, आल्विन, तो तुझ्या घोरण्याने पुनरुत्थानाआधीच उठून जाईल.”

कुणीतरी हसू दाबलं. मुख्य पंच राइनहोल्ड डेटमर हसला नाही.

“एकीसाठी नियम मोडायचा, मग दुसरीला नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं, हुल्डा?” तो म्हणाला. “मी आहे तोवर हे व्हायचं नाही.”

“तुला काय त्याचं! क्लारा गेली तेव्हा तू चकार शब्द काढला नाहीस. सत्तावीस वर्षं बायको तिथे पडलीय आणि तू इथे नियम पाठ म्हणतोस. शेजार हवासा वाटायला आधी माणूस हवंसं वाटावं लागतं, राइनहोल्ड.”

राइनहोल्डने पेला उचलला. तो रिकामा होता. तरी तो प्यायला.

शताब्दीच्या पुस्तिकेसाठी मंडळीचा इतिहास लिहिण्याचं काम हुल्डाकडे होतं. जुनी जर्मन लिपी वाचणारं तिच्याखेरीज कुणी उरलं नव्हतं. गेले नऊ दिवस मात्र ती इतिहास लिहीत नव्हती, खणत होती. तिला एक अपवाद हवा होता. शंभर वर्षांत फक्त एक. सभांच्या वह्यांमागून वह्या तिने उपसल्या. घंटेवरून भांडण. बायकांनी कुठल्या बाजूला बसावं, यावरून भांडण. प्रवचन जर्मनमध्ये की इंग्रजीत, यावरून तीन वर्षं भांडण. आणि मधूनच, काळ्या टोकदार अक्षरांत, कुणा विधुराची विनंती आणि तिच्याखाली तोच एक शब्द: नामंजूर. त्या वह्या म्हणजे तिला बर्फाखालची जमीन वाटू लागली होती. कुदळ मारावी आणि मनगटच झिणझिणावं.

“एकोणपन्नास सालची वही अजून कुणी पाहिली नाही,” टेबलाच्या टोकाला बसलेला चर्चचा तरुण पाळक चाचरत म्हणाला.

ती तिने मुद्दामच टाळली होती. तेव्हा चिटणीस एवाल्ड होता. उजवीकडे कललेलं ते अक्षर पाहण्याचं बळ तिच्यात नव्हतं. आता तिने रागाच्या भरात वही ओढली आणि उघडली. चौथ्याच पानावर तिचं बोट थांबलं. ती मोठ्याने वाचू लागली.

“‘नऊ जानेवारी. राइनहोल्ड डेटमर यांनी पत्नी क्लारा यांच्या शेजारची, रांगेतली शेवटची जागा स्वतःसाठी मागितली. विशेष बाब म्हणून मंजूर. यापुढचं दफन नव्या रांगेत व्हावं.’”

आल्विनने मान वळवून राइनहोल्डकडे पाहिलं.

“ढोंग्या!” हुल्डा उठून उभी राहिली. “तुला मंजूर! आणि नऊ दिवस मला या कागदांवर डोकं आपटायला लावलंस? माझ्या दारात येऊन मला समानता शिकवलीस? सांग ना यांना! कसली रे शेवटची जागा, कसली...”

तिचा आवाज मध्येच तुटला. स्वतः वाचलेले शब्द तिच्यापर्यंत आत्ता कुठे पोचत होते. क्लाराच्या शेजारची जागा रिकामी नव्हती. तिथे कोण होतं, ते तिच्याइतकं या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

“हुल्डा,” राइनहोल्ड म्हणाला. त्याच्या आवाजातला पंच कुठे तरी निघून गेला होता. “पान उलटू नकोस गं.”

तिने उलटलं. अक्षर एवाल्डचंच, पण इथे ते ओळीवरून घसरलं होतं आणि शाई दोन ठिकाणी पसरली होती. त्या फेब्रुवारीत ती बाळंतज्वराने शुद्धीवर नव्हती. त्या दिवसांविषयी तिला पुढे कुणी काही सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

‘तीन फेब्रुवारी. एवाल्ड ब्रोकमन यांची मुलगी, वय दोन दिवस, हिला नव्या रांगेत एकटीला ठेवू नये, क्लाराला मूल फार हवं होतं, असं सांगून राइनहोल्ड डेटमर यांनी आपली जागा परत केली. मुलीच्या आईला याचं ओझं नको, म्हणून ही नोंद वाचून दाखवली जाऊ नये, अशी त्यांची विनंती. मंजूर.’